प्रश्न न टाळणारे र. धों. कर्वे

वयात येणाऱ्या मुलांनी शरीराविषयी काही विचारले, की मोठे झाल्यावर आपोआप कळेल, असे सांगून अनेक घरांत आजही विषय बदलला जातो. रघुनाथ धोंडो कर्वे यांना ही टाळाटाळ मान्य नव्हती. त्याची किंमत त्यांनी आयुष्यभर मोजली.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे हे थोरले चिरंजीव. त्यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ चा. गणिताचे प्राध्यापक म्हणून त्यांनी नाव मिळविले. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. या कार्यापायी विल्सन महाविद्यालयातील नोकरीवर त्यांना पाणी सोडावे लागले. तरीही पत्नी मालतीबाई यांच्या साथीने त्यांनी काम चालू ठेवले.

जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले. वाचक त्यात मनातल्या शंका विचारीत. शरीरात होणारे बदल हे पाप किंवा रोग आहे, अशी धास्ती त्या काळी तरुणांच्या मनात असे आणि ती वाढवून औषधे विकणाऱ्यांचे फावत असे. कर्वे शास्त्राच्या आधारे, आडपडदा न ठेवता उत्तरे देत.

अशाच उत्तरांबद्दल १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. हस्तमैथुन आणि समलिंगी आकर्षण यांविषयीच्या शंकांचे निरसन हा त्यांचा गुन्हा ठरविण्यात आला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांची बाजू मांडली. पण निकाल विरुद्ध गेला आणि २०० रुपये दंड झाला. मासिक मात्र थांबले नाही. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी मृत्यू येईपर्यंत, स्वतः निःसंतान असलेले कर्वे इतरांच्या शंकांना उत्तरे देत राहिले.

मुलींमध्ये वयात येण्याची लक्षणे साधारणपणे आठ ते तेरा वर्षांच्या दरम्यान दिसू लागतात, तर मुलांमध्ये नऊ ते चौदा. त्याआधी ती दिसल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा लागतो. तिसरी-चौथीतल्या मुलीला पाळीविषयी कुणी काही सांगितलेच नसेल, तर पहिला रक्तस्राव पाहून आपल्याला इजा झाली, असेच तिला वाटेल. हे बोलणे आईवडिलांनी वेळेआधी, सोप्या व खऱ्या शब्दांत करावे, असे आज डॉक्टरच सांगतात. कर्व्यांना दंड झाला तो असेच खरे बोलल्याबद्दल.