गाडगेबाबांनी बारशाच्या पंगतीतून दारू का हटवली?

संत गाडगेबाबा म्हटले की खराटा आठवतो. पण खराटा हाती येण्याआधी त्यांची लढाई दारूशी होती आणि ती घरातूनच सुरू झाली.

बाबांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचा, परीट कुटुंबातला. वडील झिंगराजी दारूच्या आहारी गेले आणि डेबूजी लहान असतानाच वारले. आई सखूबाई मुलाला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला आल्या. तिथे डेबूजी गुरे राखत, शेतात राबत मोठे झाले. पुढे मामांची शेतीही सावकारी कर्जात अडकली. व्यसन आणि कर्ज, दोन्ही त्यांनी घरातच पाहिले.

त्या काळी दारू हा एकट्यादुकट्याच्या व्यसनाचा प्रश्न नव्हता. बारसे असो की लग्न, जातीच्या पंगतीत मटण आणि दारू लागायचीच. ऐपत नसलेला त्यासाठी कर्ज काढायचा. ही दारू प्रामुख्याने मोहाच्या फुलांची. आंबवायचे, उकळून वाफ थंड करायची. तत्त्व स्कॉच व्हिस्कीचेच. फरक इतका की, स्कॉच ओक लाकडाच्या पिंपात किमान ३ वर्षे मुरवावी लागते, तसा तिथे कायदाच आहे. मोहाची दारू मात्र भट्टीतून थेट पंगतीत यायची.

१८९२ मध्ये डेबूजींचे कुंताबाईंशी लग्न झाले. मुलगी झाली, बारसे ठरले. नातेवाईक रिवाजाप्रमाणे पंगतीला बसले, तर पानात गोडाधोडाचे शाकाहारी जेवण! दारूचा थेंब नाही. वरवर पाहता जेवण बदलले एवढेच; प्रत्यक्षात जातीच्या रिवाजाला दिलेला तो उघड नकार होता. म्हणूनच पुढच्या शेकडो कीर्तनांपेक्षा ही एक पंगत अधिक धाडसाची ठरते. कीर्तनात समोर अनोळखी गर्दी असते, इथे सगळे सोयरे होते.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, हाती काठी आणि जेवायला मातीचे गाडगे, त्यावरूनच गाडगेबाबा हे नाव पडले. दिवसा गाव झाडायचे, रात्री कीर्तन. वऱ्हाडी बोलीत श्रोत्यांनाच प्रश्न विचारत ते दारू, कर्ज, पशुबळी आणि अस्पृश्यतेवर बोलत. देणग्यांतून त्यांनी धर्मशाळा उभारल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यातलीच.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे येत असताना वलगावजवळ, पेढी नदीच्या काठी त्यांचे निधन झाले. त्यांची समाधी अमरावतीच्या गाडगेनगरात आहे.