कावसजीचे नाक आणि उसन्या चरबीचे गणित

पोटावरची किंवा मांडीवरची चरबी सुईने काढून ती त्याच रुग्णाच्या स्तनात भरायची, ही शस्त्रक्रिया आता नवलाची राहिलेली नाही. शरीराचा एक भाग उचलून दुसरीकडे ठेवला, तर तो तिथे जगतो का, हा तिच्यातला खरा प्रश्न. त्याचे एक उत्तर सव्वादोनशे वर्षांपूर्वी पुण्याजवळ मिळाले होते, ते कावसजी नावाच्या एका बैल हाकणाऱ्याच्या चेहऱ्यावर.

नाव पारशी वाटले तरी तत्कालीन वृत्तांत त्याला मराठा म्हणतो. इंग्रज आणि टिपू सुलतान यांच्यात १७९० ते १७९२ या काळात झालेल्या युद्धात तो इंग्रजी फौजेच्या तांड्याबरोबर होता. धान्य, दारूगोळा, तोफा सारे बैलांवर चाले. बैल अडले की फौज अडे. त्यामुळे त्यांना हाकणारी माणसे शत्रूच्या डोळ्यांवर असत. कावसजी टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापून त्याला सोडून देण्यात आले.

नाक कापले जाणे म्हणजे काय, हे मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. हात गेल्याने पोटावर पाय आला आणि नाक गेल्याने चारचौघांत तोंड दाखवणे कठीण झाले. कंपनी सरकारने त्याला पेन्शन दिली. सुमारे वर्षभर तो तसाच वावरला.

पुण्यात तेव्हा सवाई माधवरावांची पेशवाई होती. कोपरगावी रघुनाथरावांचे निधन होऊन दहा वर्षे होत आली होती. याच काळात, १७९३ मध्ये, कावसजी पुण्याजवळच्या एका कारागिराकडे गेला. हा कारागीर विटा घडवणाऱ्या समाजातला होता आणि तुटलेली नाके जोडण्यात वाकबगार होता.

त्याने मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून आकार घेतला. तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला आणि भोवती रेघ आखली. त्या मापाची कातडी सोडवली, पण दोन भुवयांमधली एक पट्टी कापली नाही. कातडी त्या पट्टीवर पिळून खाली आणली, जुन्या जखमेच्या कडा ताज्या करून त्यांत बसवली आणि काताच्या लेपात भिजवलेल्या कापडाच्या पट्ट्यांनी धरून ठेवली. चार दिवसांनी तुपात भिजवलेले कापड आले. दहाव्या दिवसापासून नाकपुड्या उघड्या राहाव्यात म्हणून त्यांत मऊ कापड घातले गेले. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास ती पट्टी कापली.

सारे मर्म त्या पट्टीत होते. नव्या जागी रक्तवाहिन्या जोडल्या जाईपर्यंत कातडीला कपाळाचे रक्त मिळत राहिले, म्हणून ती जगली.

मुंबईचे दोन इंग्रज सर्जन, टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले, यांनी ही शस्त्रक्रिया पाहिली. पेशवे आणि नाना फडणवीस यांची चित्रे काढणाऱ्या जेम्स वेल्स यांनी दहा महिन्यांनी कावसजीचेही चित्र काढले. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ही हकीकत छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडनला याच पद्धतीने नाक घडवले. एका बैलवाल्याचा चेहरा युरोपच्या सर्जनांचा धडा झाला.

चरबीची गोष्ट इथूनच अवघड होते, कारण तिला अशी पट्टी ठेवता येत नाही. जर्मनीतील हायडेलबर्गचे सर्जन विन्सेन्झ चेर्नी यांनी एका स्त्रीच्या कमरेजवळची चरबीची गाठ तिच्या स्तनातील पोकळीत बसवली. ही हकीकत १८९५ मध्ये प्रसिद्ध झाली. पण सुटी केलेली चरबी पहिले काही दिवस आजूबाजूच्या पेशींतून झिरपणाऱ्या द्रवावरच तग धरते. मोठ्या गोळ्याच्या मध्यापर्यंत तो पोहोचत नाही, आतला भाग मरतो आणि तिथे तेलाच्या गाठी किंवा कॅल्शियमचे कण साचतात. म्हणून आता चरबी अगदी बारीक थेंबांनी, निरनिराळ्या थरांत सोडतात. तरी काही भाग विरघळतोच. वाढ बेताची होते आणि अनेकींना पुन्हा टेबलावर जावे लागते.

कॅल्शियमचे कण मॅमोग्राफीत कर्करोगाचा संशय निर्माण करू शकतात. याच भीतीने अमेरिकेतील प्लास्टिक सर्जनांच्या संघटनेने १९८७ मध्ये स्तनात चरबी भरण्यास विरोध केला होता. २००९ मध्ये तिने ही भूमिका सावधपणे सैल केली. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी स्तनांची तपासणी करून घ्यावी आणि पुढे प्रत्येक तपासणीच्या वेळी रेडिऑलॉजिस्टला चरबी भरल्याचे सांगावे. तंबाखू आणि सिगारेट बंद ठेवावी, कारण दोन्हींमुळे बारीक रक्तवाहिन्या आकसतात. कावसजीचे नाक रक्तपुरवठ्यावर जगले. आज भरलेली चरबीही त्यावरच जगते.