गोळीचा वेग मोजणारा गणिती

घोडनदीच्या काठचे शिरूर आणि भीमेच्या काठचे दौंड या परिसरात जोंधळा हुरड्यास आला, म्हणजे राखणदार माळ्यावर उभा राहून पाखरांवर गोफण चालवी. धोंडा कोठे पडेल, हे त्याला सरावाने कळे. लांबचा नेम साधणाऱ्या बंदूकधाऱ्याचे मात्र केवळ सरावाने भागत नाही. हजार यार्डांवरील लक्ष्य वेधावयाचे, तर गोळी वाटेत किती खाली येईल, हे त्याला आधीच ठाऊक असावे लागते. आजचा नेमबाज हे गणित गणकयंत्राकडून करवून घेतो. परंतु नळीतून सुटताना गोळीचा वेग किती असतो, हे त्या यंत्राला प्रथम सांगावे लागते. तो आकडा चुकला, की पुढचे सारे गणित चुकते. डोळ्यांना न दिसणाऱ्या गोळीचा वेग मोजण्याची भरवशाची रीत ज्याने घालून दिली, तो पुरुष म्हणजे बेंजामिन रॉबिन्स.

रॉबिन्सचा जन्म 1707 मध्ये इंग्लंडातील बाथ या गावी झाला. घरची स्थिती बेताची होती. आईबाप क्वेकर, म्हणजे युद्धाला निषिद्ध मानणाऱ्या पंथाचे होते. विद्यापीठाचे शिक्षण त्याला लाभले नाही; पण गणिताची गोडी उपजतच होती. लंडनला जाऊन डॉक्टर पेंबर्टन यांच्या मार्गदर्शनाखाली त्याने मोठमोठ्या गणितज्ञांचे ग्रंथ अभ्यासले. अवघ्या विसाव्या वर्षी, 1727 मध्ये, तो रॉयल सोसायटीचा सभासद झाला. विद्यार्थ्यांना गणित शिकवून तो चरितार्थ चालवी. पुढे पूल, बंदरे व किल्ले यांच्या बांधणीकडे त्याचे मन ओढले गेले.

1741 मध्ये वुलिच येथे सैनिकी विद्यालय निघाले. तेथील अध्यापकाच्या जागेची रॉबिन्सला आशा होती. परंतु त्याने प्रधानमंडळावर टीका करणारे लेख लिहिले होते. ती जागा दुसऱ्याला मिळाली. रॉबिन्स खचला नाही. व्याख्यानांसाठी जमविलेली सामग्री त्याने 1742 मध्ये तोफविद्येवरील एका लहानशा ग्रंथात मांडली. त्या ग्रंथाने तोफविद्येचे स्वरूपच पालटले.

तोफखान्याचे बहुतेक जाणकार तेव्हा असे मानीत, की हवा इतकी विरळ असते, की जड गोळ्याला तिचा अडथळा तो काय होणार! हे मत खरे की खोटे, हे ठरविण्यासाठी गोळीचा वेग मोजणे अवश्य होते. रॉबिन्सने एक सोपी युक्ती योजिली. तिकाटण्याला त्याने सुमारे 56 पौंड वजनाचा लंबक टांगला व त्यावर लाकडाची जाड फळी बसविली. गोळीचे वजन पौंडाच्या बाराव्या हिश्श्याएवढे. गोळी लाकडात रुतली, की तिची गती साऱ्या लंबकात वाटली जाई आणि लंबकाला संथ झोका बसे. लंबकाच्या खालच्या टोकाला बांधलेली फीत त्या झोक्याबरोबर ओढली जाई. फितीच्या लांबीवरून झोका समजे आणि झोक्यावरून गोळीचा वेग काढता येई.

मग रॉबिन्सने लंबक निरनिराळ्या अंतरांवर ठेवून पाहिला. गोळीचा वेग 25 फुटांवर सेकंदाला 1,670 फूट, 75 फुटांवर 1,550 फूट, तर 125 फुटांवर 1,425 फूट भरला. एवढ्याशा वाटचालीत एवढी घट! हवेचा अडथळा गोळीच्या वजनाच्या शंभरपटींहूनही अधिक होता. हवा नसती, तर अशी गोळी सुमारे 17 मैल गेली असती. प्रत्यक्षात ती मैलाच्या आतच पडे. जुने मत कोलमडले. थोर गणितज्ञ ऑयलर याने 1745 मध्ये त्या ग्रंथाचे जर्मन भाषांतर करून त्यावर विस्तृत टीपा लिहिल्या. 1746 मध्ये रॉयल सोसायटीने रॉबिन्सला कॉप्ली पदक अर्पण केले. आटे पाडलेल्या नळीतून सुटलेली गोळी स्वतःभोवती फिरत सरळ का जाते, हेही त्याने 1747 मध्ये उलगडून दाखविले.

1749 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने किल्ल्यांच्या डागडुजीसाठी त्याची मुख्य अभियंता म्हणून नेमणूक केली. 1750 च्या जुलैमध्ये तो कडलूरजवळील फोर्ट सेंट डेव्हिड येथे उतरला. या किल्ल्याशी मराठ्यांचाही संबंध आहे. 1690 मध्ये, छत्रपती राजाराम महाराज जिंजीस असता, मराठ्यांनी तो इंग्रजांना विकला. आणि तोफेचा गोळा जेथवर पोहोचेल तेथवरची भूमी त्याबरोबर द्यावी, असे ठरले होते. तोफेच्या गोळ्याने ज्याची सीमा आखली, त्याच किल्ल्यात तोफविद्येचा हा आचार्य येऊन राहिला!

येथील हवा त्याला मानवली नाही. सप्टेंबरात तो तापाने अंथरुणास खिळला. त्यातून उठताच त्याने मद्रास व फोर्ट सेंट डेव्हिड येथील तटबंदीचे आराखडे हाती घेतले. पण प्रकृती ढासळतच गेली. 29 जुलै 1751 रोजी, कंपनीसाठी अहवाल लिहीत असता, हातातील लेखणी तशीच असताना त्याची प्राणज्योत मालवली.

तटबंदीची त्याची कामे अपुरी राहिली. लंबकाची जागाही पुढे विजेच्या व प्रकाशाच्या सूक्ष्म साधनांनी घेतली. तथापि, अंदाजावर विसंबू नये, मोजून पाहावे, आणि मोजमापापुढे रूढ मताची भीड धरू नये, हा रॉबिन्सचा धडा मात्र कधीही जुना होणार नाही.