बक्षीस मिळाले ते दुसऱ्याच कामाला

पणजीच्या जुन्या सचिवालयाशेजारी हात पसरलेल्या एका पाद्र्याचा पुतळा आहे. समोर संमोहनाने कोसळणारी स्त्री. हा गोव्यातल्या कांदोळीचा आबे फारिया. त्याच्यावर १९२५ साली पुस्तक लिहिले ते लिस्बनच्या एका मेंदूविकार प्राध्यापकाने. त्यांचे नाव एगास मोनिझ. आपण रोज ऐकतो त्या अँजिओग्राफीचा पाया घालणाऱ्यांत ते अग्रभागी.

मोनिझ यांचा जन्म १८७४चा. तरुणपणी राजकारणात रमले, १९१८ मध्ये पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्रीही झाले. खरे काम सुरू झाले पन्नाशी उलटल्यावर. संधिवाताने बोटे वाकलेली, त्यामुळे सुई धरायला आल्मेदा लिमा हा तरुण सहकारी.

अडचण साधी होती. एक्स-रेत हाड दिसते, रक्तवाहिनी दिसत नाही. पण किरण अडवणारे द्रावण रक्तात सोडले, तर ती दिसेल. गाठीमुळे वाहिनी बाजूला ढकलली गेली असेल, तर कवटी न उघडता गाठीची जागा कळेल. आधी मृतदेहांवर आणि कुत्र्यांवर प्रयोग झाले, मग रुग्णांवर. स्ट्रॉन्शियम ब्रोमाइड वापरताना एक रुग्ण दगावला. मोनिझ हादरले, पण थांबले नाहीत, औषध बदलले. २८ जून १९२७ रोजी सोडियम आयोडाइडने एका तरुण रुग्णाच्या मेंदूतल्या धमन्या फिल्मवर उमटल्या. मोनिझ यांचे नाव राहिले, दगावलेल्याचे कुणाला आठवत नाही. आम्हा डॉक्टरांना हे टोचायला हवे.

पुढे त्यांनी थोरोट्रास्ट हे द्रावण घेतले. चित्र सुरेख यायचे, त्रासही दिसत नसे. पण त्यातले थोरियम किरणोत्सारी. ते यकृतात कायमचे साठून राही. कर्करोग उघड व्हायला दशके लागली.

अँजिओग्राफीसाठी त्यांचे नाव नोबेलकरिता सुचवले गेले, पण ते मिळाले नाही. मिळाले १९४९ मध्ये, मनोरुग्णांच्या मेंदूचे तंतू छेदण्याच्या शस्त्रक्रियेसाठी. १९३५ मध्ये त्यांनी ती सुरू केली होती. त्या शस्त्रक्रियेने जगभर हजारो माणसे शांत झाली, म्हणजे निर्जीवासारखी झाली. आज ती कुणी करत नाही. १९३९ मध्ये एका रुग्णाने मोनिझ यांच्यावरच गोळ्या झाडल्या. त्यातून ते वाचले आणि १९५५ मध्ये वारले.

वैजापूरहून अँजिओग्राफीसाठी संभाजीनगरला पाठवायची चिठ्ठी लिहिली की नातेवाईक विचारतात, "डॉक्टर, फाडणार का हो?" मोनिझ यांच्या काळात मानेवर चीर देऊन धमनी उघडी करत. आता मनगटातून किंवा जांघेतून बारीक नळी जाते. औषधात मात्र अजूनही आयोडीनच असते. म्हणून मूत्रपिंडाचा आजार असेल, पूर्वी अशा औषधाची ॲलर्जी झाली असेल किंवा दिवस गेले असतील, तर ते तपासणीआधीच डॉक्टरांना सांगा. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर त्यांची पाकिटे सोबत न्या. त्यातली एखादी काही दिवस बंद ठेवावी लागू शकते. पण ते डॉक्टरांनाच ठरवू द्या.