फारूक राजा आणि वीस डॉलरांचे नाणे

इजिप्तचा राजा फारूक म्हटले की स्थूल देह, काळा चश्मा आणि जुगाराचे टेबल एवढेच अनेकांना आठवते. परंतु १९३६ साली वडील राजे फुआद वारले आणि इंग्लंडमधील शिक्षण अर्धवट टाकून तो मायदेशी परतला, तेव्हा तो सोळा वर्षांचा देखणा, सडपातळ मुलगा होता. कैरोच्या लोकांनी त्याला डोक्यावर घेतले. त्याचा जन्म त्याच शहरात ११ फेब्रुवारी १९२० रोजी झाला होता.

राजवाड्यात त्याला नाही म्हणणारे कोणी नव्हते. बाहेर मात्र सत्ता इंग्रजांची! फेब्रुवारी १९४२ मध्ये ब्रिटिश रणगाड्यांनी अबदीन राजवाड्याला वेढा घातला आणि त्यांच्या पसंतीचा पंतप्रधान त्याला नेमावा लागला. राज्य आपले नाही, निदान वस्तू तरी आपल्या असाव्यात, असे त्याच्या मनाने घेतले असावे. हा आमचा तर्क. घड्याळे, टपाल तिकिटे, जडजवाहीर, जे दिसेल ते तो जमवी. त्यातही सोन्याच्या नाण्यांचा, विशेषतः अमेरिकेच्या, त्याला मोठा नाद.

अमेरिकेत दहा डॉलरांच्या सोन्याच्या नाण्याला ईगल म्हणजे गरुड म्हणत, व वीस डॉलरांच्या नाण्याला डबल ईगल. वजन तीन तोळ्यांना थोडे कमी. १९०७ सालचा त्याचा नवा नमुना शिल्पकार ऑगस्टस सेंट-गॉडन्स ह्यांनी केलेला. देवावरील भरवशाचे वचन त्यावर प्रथम नव्हते, कारण नाण्यावर देवाचे नाव घालणे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट ह्यांना अनादराचे वाटे. लोकांनी तक्रार केली व १९०८ साली काँग्रेसने ते पुन्हा घालायला लावले.

पुढे मंदीच्या दिवसांत, एप्रिल १९३३ मध्ये, अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट ह्यांनी लोकांजवळचे सोने सरकारजमा करण्याचा हुकूम काढला. संग्राहकांची दुर्मिळ नाणी तेवढी वगळली. फिलाडेल्फियाच्या टाकसाळीने त्या सालची ४,४५,५०० डबल ईगल नाणी पाडली होती, पण ती कायदेशीरपणे चलनात आलीच नाहीत. दोन राष्ट्रीय संग्रहालयाला देऊन बाकीची वितळवायची होती. काही मात्र मागील दाराने निसटली व एका जवाहिऱ्यामार्फत व्यापाऱ्यांकडे पोहोचली. त्यांतले एक १९४४ साली फारूकने टेक्सासच्या व्यापाऱ्याकडून १५७५ डॉलरांना घेतले.

गंमत अशी की हा व्यवहार चोरून झाला नाही. फारूकच्या माणसांनी नाणे अमेरिकन खजिन्याच्या कचेरीत नेले. तिने संग्रहालयाचे मत विचारले व निर्यातीचा परवाना लिहून दिला. त्यानंतर काही दिवसांतच टाकसाळीला चोरीचा सुगावा लागला. अमेरिकेतल्या संग्राहकांची नाणी जप्त झाली. महायुद्ध चालू होते, इजिप्तला दुखवणे परवडणारे नव्हते, म्हणून राजाचे मात्र राहिले.

२३ जुलै १९५२ रोजी लष्कराने उठाव केला. तीन दिवसांनी फारूकने तान्ह्या मुलाच्या नावे गादी सोडली आणि अलेक्झांड्रियाहून जहाजाने इटलीची वाट धरली. नाणी मागेच राहिली. १९५४ साली नव्या सरकारने कुब्बा राजवाड्यात त्याच्या संग्रहाचा लिलाव मांडला. सोन्याची नाणी व पदके मिळून सुमारे साडेआठ हजार! एकेका बोलीत इतकी नाणी एकत्र बांधली होती की पुष्कळसा माल स्वस्तात गेला. अमेरिकेने आता धीर करून १९३३ चे नाणे परत मागितले. ते लिलावातून काढले गेले आणि कोठे गेले ते कळेना.

फारूकला ते पुन्हा मिळाले नाही. १८ मार्च १९६५ रोजी रोममधील एका उपाहारगृहात भरपेट जेवणानंतर तो टेबलावरच कोसळला. वय अवघे पंचेचाळीस.

१९९६ साली न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात असेच एक नाणे विकायला आले असता पोलिसांनी पकडले. ते फारूकचेच, असे सांगण्यात आले आणि १९४४ चा तो परवाना खटल्यात पुढे आला. अखेर तडजोड होऊन ३० जुलै २००२ रोजी लिलाव झाला. किंमत ७५,९०,०२० डॉलर. २०२१ साली तर तेच नाणे १ कोटी ८८ लाखांवर गेले. २००२ च्या रकमेतील शेवटचे वीस डॉलर वेगळे होते. सरकारने ते नाणे कधी चलनात आणलेच नव्हते, म्हणून घेणाऱ्याने त्याची दर्शनी किंमत तेवढी खजिन्यात भरली.