एकदाच वापरायची किल्ली

क्लॉड शॅनन हे नाव इंजिनिअरिंगच्या पुस्तकांत पानोपानी सापडतं, आपल्या घरात मात्र ते फारसं कुणी घेत नाही. पण मैत्रिणींनो, आपल्या हातातल्या मोबाईलमध्ये फोन, पत्र, फोटो, गाणी आणि बँक हे सगळं एकत्र नांदतंय, त्याचा पाया या माणसाने घातला. आणि एवढं सगळं एका जागी आलं की ते राखायचं कसं, याचं गणितही त्यांनीच मांडलं.

क्लॉडचा जन्म ३० एप्रिल १९१६ चा, अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातला. गेलॉर्ड नावाच्या छोट्याशा गावात तो वाढला. वडील न्यायाधीश. आई भाषा शिकवायची, पुढे शाळेची मुख्याध्यापिकाही झाली. थोरली बहीण कॅथरीन गणितात हुशार. घरच असं, मग मुलगा खटपट्या निघाला तर नवल काय! अर्ध्या मैलावर राहणाऱ्या मित्राशी बोलायचं म्हणून या पठ्ठ्याने शेताच्या काटेरी कुंपणाच्या तारेवरूनच तारयंत्र चालवलं.

पुढे गणित आणि विजेचं इंजिनिअरिंग अशा दोन्ही पदव्या घेऊन ते एमआयटी या नामांकित संस्थेत गेले. १९३७ साली, अवघ्या एकविसाव्या वर्षी लिहिलेल्या प्रबंधात त्यांनी दाखवलं, की विजेचं बटण एकतर चालू असतं नाहीतर बंद, आणि या 'हो-नाही'च्या जोरावर तर्काचं कुठलंही गणित यंत्राकडून करवून घेता येतं. आजच्या प्रत्येक कॉम्प्युटरच्या पोटात हेच चाललेलं असतं.

१९४१ मध्ये ते बेल कंपनीच्या प्रयोगशाळेत लागले. तेव्हा दुसरं महायुद्ध पेटलेलं होतं. लंडन आणि वॉशिंग्टनमधलं बड्या नेत्यांचं फोनवरचं बोलणं जर्मन लोक चोरून ऐकत होते. त्यावर उपाय म्हणून १९४३ साली एक अजस्र यंत्र सुरू झालं, पन्नास टनांहून जास्त वजनाचं. बोलणाऱ्याचा आवाज ते आकड्यांत बदलायचं आणि त्यात ग्रामोफोनच्या तबकडीवरचा निव्वळ गोंगाट मिसळायचं. तशीच हुबेहूब दुसरी तबकडी पलीकडच्या टोकाला असायची. ती लावली की गोंगाट वजा होऊन बोलणं समजायचं. एकदा वापरलेली तबकडी नष्ट करून टाकायची, पुन्हा लावायची नाही. या कुलपाचं गणित पक्कं आहे ना, हे तपासणाऱ्यांत शॅनन होते.

त्याच वर्षी इंग्लंडहून ॲलन ट्युरिंग तिथे आले होते. जर्मनांच्या सांकेतिक लिपी उलगडण्यात त्यांचा मोठा हात. दोघं रोज चहाला एकत्र बसत, विचार करणाऱ्या यंत्रांवर तासन् तास गप्पा मारत. पण आपापल्या गुप्त कामाबद्दल दोघांनीही अवाक्षर काढलं नाही.

या कामातून शॅनन यांच्या हाती दोन मोठ्या गोष्टी लागल्या. पहिली १९४८ साली छापली गेली. पत्र असो, आवाज असो की चित्र, सगळी माहिती शून्य आणि एक या दोनच खुणांत मांडता येते, मोजता येते आणि एकाच वाटेने पाठवता येते. त्या मापाला 'बिट' म्हणतात. आधी पत्राला पोस्ट, आवाजाला फोन, फोटोला अल्बम आणि पैशाला पासबुक लागायचं. चोराने अल्बम नेला तरी पासबुक कपाटात शाबूत राहायचं. आता सगळ्याचं एकच पीठ झालं आणि एकाच डब्यात भरलं गेलं. सोय अपार झाली. पण डबा उघडला, तर सगळंच हाती लागतं.

दुसरी गोष्ट १९४९ सालची. कुलपाची रचना शत्रूला पुरेपूर ठाऊक आहे असंच धरून चालायचं आणि भिस्त फक्त किल्लीवर ठेवायची. १८८३ मध्ये केर्कहॉफ्स यांनीही असाच विचार मांडला होता. शॅनन यांनी गणिताने सिद्ध केलं, की किल्ली निव्वळ योगायोगाने ठरलेली, निरोपाएवढी लांब, एकदाच वापरलेली आणि गुप्त राखलेली असेल, तर तो निरोप कुणाच्याही बापाला फोडता येणार नाही.

मोबाईलवर येणारा ओटीपी म्हणजे त्या युद्धातलं यंत्र नव्हे, पण एकदाच वापरायची किल्ली हे सूत्र तेच. आणि फसगत कुठे होते बघा. फोनवरचा माणूस आपलं नाव, बँकेचं नाव, कधीकधी आधारचे शेवटचे आकडेही घडाघडा सांगतो आणि आपल्याला वाटतं, एवढं ठाऊक आहे म्हणजे हा बँकेतलाच! अहो, त्याला नुसतं कुलूप ठाऊक आहे. किल्ली आपल्याकडे आहे, म्हणून तर तो फोन करतोय. दुकानातल्या मुलाकडून पिन घालून घेणं आणि तोच वर्षानुवर्षं ठेवणं म्हणजे किल्ली त्याच्या खुंटीला टांगणं. तो मुलगा सज्जन असेलही, पण पिन आपणच बदललेला बरा.

शॅनन यांची गोष्ट बेट्टीशिवाय पुरी होत नाही. बेट्टी मूर स्वतः गणिताची पदवीधर, त्याच प्रयोगशाळेत आकडेमोडीचं काम करणारी. १९४९ मध्ये दोघांचं लग्न झालं. शॅनन यांना लिहिण्याचा मोठा कंटाळा. ते सांगत, बेट्टी लिहून घेई, संदर्भ जोडी, सुधारणा सुचवी. चक्रव्यूहातून स्वतः वाट शोधणारा यंत्राचा उंदीर त्यांनी १९५० मध्ये केला, त्याच्या जोडणीतही तिचा हात होता. छापील लेखांवर मात्र नाव एकट्या नवऱ्याचं. ही कथा आपल्याला काही नवी नाही!

१९५६ पासून शॅनन एमआयटीत शिकवू लागले. एकचाकी सायकल चालवणं, चेंडू हवेत झेलत राहणं असले उद्योग म्हातारपणापर्यंत चालले. मग अल्झायमरने गाठलं. जगाला माहिती मोजायला शिकवणाऱ्या माणसाची स्वतःची आठवण विरत गेली. २००० साली गेलॉर्डमध्ये त्यांचा पुतळा उभा राहिला, तेव्हा आजार फार पुढे गेला होता. २४ फेब्रुवारी २००१ रोजी ते गेले. बेट्टी २०१७ पर्यंत होत्या.

आपल्या भिशीत, बचत गटात हा विषय जरूर काढा. आणि किल्ली चुकून कुणाच्या हाती गेलीच, तर लाजून गप्प बसू नका. ताबडतोब १९३० या सरकारी क्रमांकावर फोन करा आणि बँकेलाही कळवा. जितकं लवकर कळवाल, तितके पैसे वाचण्याची आशा जास्त.