रफी अहमद किडवाई आणि रात्रीचे टपाल

नागपूर हे भारताच्या जवळजवळ मध्यावर वसलेले शहर आहे. विमानाच्या मार्गाने येथून मुंबई सुमारे ७०० किलोमीटर, दिल्ली सुमारे ८५०, चेन्नई सुमारे ९०० आणि कोलकाता सुमारे ९७० किलोमीटर दूर आहे. नकाशा उघडून ही अंतरे मोजून पाहा. त्यांत फार मोठा फरक नाही. या साध्या गोष्टीचा लाभ साऱ्या देशाला मिळवून देणारे मंत्री म्हणजे रफी अहमद किडवाई.

रफीसाहेबांचा जन्म १८ फेब्रुवारी १८९४ रोजी उत्तर प्रदेशातील बाराबंकी जिल्ह्यात, मसौली या गावी झाला. त्यांचे शिक्षण अलीगढला झाले. पुढे ते कायद्याचा अभ्यास करत होते. पण गांधीजींनी असहकाराची हाक देताच त्यांनी तो सोडला व तुरुंगवास पत्करला. मोतीलाल नेहरूंचे खाजगी सचिव म्हणूनही त्यांनी काम केले.

१९४७ मध्ये देश स्वतंत्र झाला आणि रफीसाहेब दळणवळण मंत्री झाले. त्या काळी मुंबईचे पत्र कोलकात्याला रेल्वेने जाई. नुसत्या प्रवासातच दीड-दोन दिवस जात. रफीसाहेबांनी विचार केला, की रात्री लोक झोपलेले असताना पत्रांनी प्रवास का करू नये?

जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची टपाल विमाने सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कोलकाता व मद्रास (आजचे चेन्नई) येथून रात्री विमाने निघत आणि नागपूरला एकत्र येत. तेव्हाचे डाकोटा विमान ताशी सुमारे २५० किलोमीटर जाई. म्हणजे मुंबईहून नागपूरला सुमारे तीन तास व कोलकात्याहून सुमारे चार तास लागत. मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगाव विमानतळावर टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई. मग प्रत्येक विमान आपापल्या शहरी परत जाई. सकाळी मुंबईची पत्रे कोलकात्यात असत! एप्रिल १९४९ पासून साधी पत्रेही जादा पैसे न घेता विमानाने जाऊ लागली.

हे काम सोपे नव्हते. रात्री विमान उतरवण्याच्या सोयी अपुऱ्या आहेत, असा इशारा जे. आर. डी. टाटा यांनी दिला होता. खर्चही परवडणारा नव्हता. ज्या कंपनीने काम सुरू केले, तिला ते लवकरच थांबवावे लागले. तरी रफीसाहेबांनी योजना सोडली नाही. त्याच वर्षी ती पुन्हा सुरू झाली. इशाराही अगदीच खोटा नव्हता. डिसेंबर १९५३ मध्ये नागपूरहून उडालेले एक डाकोटा कोसळले आणि त्यात अनेकांचे प्राण गेले. वेळेवर मिळणाऱ्या पत्रामागे वैमानिकांचे धाडस होते, हे आपण विसरू नये.

१९५२ मध्ये रफीसाहेब अन्नमंत्री झाले. त्यांनी धान्यावरील नियंत्रणे उठवली. २४ ऑक्टोबर १९५४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. गरजूंना ते सढळ हाताने मदत करत. त्यामुळे मागे संपत्ती नव्हे, तर कर्ज राहिले.

पुढे वेगवान विमाने आली आणि नागपूरची ती रात्रीची सेवा बंद झाली. आज विमान नागपूरहून मुंबईला सुमारे दीड तासात पोहोचते. मुंबईत एका मोठ्या रस्त्याला रफीसाहेबांचे नाव दिलेले आहे. अंतर कोणाला कमी करता येत नाही. पण वेळ वाचवता येतो, हे त्यांनी देशाला दाखवून दिले.